वारा विकत न घेणारा संघपाल

संघपाल ट्रॅक्टर चालवतो, असं लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांना सांगितलं होतं. ते अर्धंच खरं. गाळपाच्या हंगामात संघपाल तास-दोन तास ट्रॅक्टर चालवतो आणि उरलेला दिवस तो ढोकीच्या कारखान्याच्या यार्डात उभा ठेवतो. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं साठ-सत्तर गाड्या आणि त्यांच्याही पुढं वजनकाटा. हवेत मळीचा गोड, जडसर वास. दुपारचं ऊन त्या वासात विरघळलं की जागा माणूससुद्धा अर्धवट झोपेत चालल्यासारखा दिसतो. मी त्या काट्यावर पावत्या फाडण्यात एकतीस वर्षं काढली. निवृत्त झालो तरी चहाला तिथंच जातो, कारण तिथल्याइतक्या बातम्या भूमच्या आठवडी बाजारातही मिळत नाहीत.

यार्डाचा एक रिवाज आहे. चावी गाडीलाच ठेवायची. रांग हलली आणि पुढचा गडी झोपलेला असला, तर त्याला उठवायचं नाही आणि त्याला ओलांडून तर मुळीच जायचं नाही. मागच्यानं आधी त्याची गाडी पुढं घ्यायची, मग आपली. एखादा लिंबाखाली डोळा लावतो आणि उठून बघतो तो त्याचा ऊस काट्यापाशी पोचलेला असतो. कुणी आणला, हे विचारायचं नसतं.

तर अशा या यार्डात तीन हंगामांपूर्वी ‘निळं बंदर’ नावाचा मोबाइलवरचा खेळ शिरला. खेळ फुकट. तुम्हाला एक काठ मिळतो, काठावर घर, घरापुढं पाण्यात एक नाव. नाव दुसऱ्या बेटाकडं सोडली की आठ तासांनी पोचते. थांबायचं नसेल तर वारा विकत घ्यायचा, एकोणतीस रुपयांना एक झुळूक. भूम-परंड्याकडची, टँकरच्या वेळा तोंडपाठ असलेली पोरं त्या निळ्या पाण्याकडं अशी बघत बसत, जणू आत्ता हात घातला तर कोपरापर्यंत ओला होईल.

संघपालनं तीन हंगामांत एक रुपया भरला नाही. यावरून यार्डात रोज वाद.

“तुमी फुकटे आमच्या जिवावर खेळता,” टायरच्या दुकानाचे राजशेखरअप्पा म्हणायचे. “खेळ बनवणाऱ्याला पोट न्हाय व्हय? आमी भरतो म्हणून तुमचा दिवा जळतोय.”

“भरा की अप्पा, कोण न्हाय म्हणतंय?” संघपाल म्हणायचा. “पर वाट बघायचं मोल मला नका शिकवू. माझा धंदाच त्यो हाय.”

धम्मपाल म्हणून एक तरणा ड्रायव्हर आहे. त्यानं खेळातल्या आपल्या नावाड्याला जांभळा फेटा विकत घेतला होता. त्याचं मत मधलं. “कपडे विकले तर चालतंय. फेटा बांधून नाव काय पळत न्हाय. वारा इकायला नको. वारा इकला की खेळ संपला.”

“अन् गाडगं?” मी मुद्दाम काडी टाकली.

गाडगं म्हणजे पैसे भरून फोडायचं बंद मडकं. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. अप्पांनी अकरा गाडगी फोडली आणि नऊ बदकं निघाली, ही बातमी मीच यार्डभर केली होती.

“नाना, शिवकांताच्या कानावर घालू नका,” अप्पा हळूच म्हणाले. शिवकांता म्हणजे त्यांच्या मंडळी. त्यांना ते आधीच कळलं होतं. कसं कळलं, ते सोडा.

संघपालच्या घरची गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नाही. ती मी त्याच्या खांद्यावरून बघितली. त्याची बायको संघप्रिया तेरखेड्याजवळच्या गावात अंगणवाडी सेविका. हंगाम संपेपर्यंत हा घरी जात नाही. म्हणून तिनंही खेळ घेतला आणि त्या निळ्या पाण्याच्या काठी दोघांनी शेजारी-शेजारी घरं बांधली. तिनं फोन उघडला की तिच्या खिडकीत दिवा लागतो. हा ट्रॅक्टरच्या सीटवर बसून त्या दिव्याकडं बघतो. समोर उसाची पाचट वाऱ्यानं सळसळत असते आणि याच्या ओंजळीत एवढंसं पाणी हलत असतं.

यंदा खेळात कंदिलांचं बेट आलं. चाळीस दिवसांत तिथं पोचेल त्याचं बेटावर घर. मुदत रविवारी दुपारी तीनपर्यंत. बेटाच्या तोंडाशी एक खिंड. त्या खिंडीत वारा नाही, प्रत्येक नावेला एक झुळूक लागणारच. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकेक झुळूक फुकट मिळाली होती. बहुतेकांनी ती त्याच दिवशी उधळली. संघपालनं ती जपली, बायकोलाही जपायला सांगितली आणि भर यार्डात बोलून बसला, “संघप्रियाला त्या बेटावर नेणार. अन् फुकटात नेणार.”

“बोललात बरं का!” अप्पा म्हणाले.

“बोललो.”

चाळीस दिवस त्यानं एक फेरी चुकवली नाही. जेवता-जेवता नाव सोडली, टायर बदलता-बदलता सोडली.

रविवार उजाडला. दुपारी अडीचच्या सुमारास त्याची नाव खिंडीत पोचली. आम्ही चौघे-पाच जण त्याच्या ट्रॅक्टरभोवती. ऊन मऊ पडलेलं, चिमणीचा पांढरा धूर जागच्या जागी तरंगत होता. खिंडीत नावांची रांग होती आणि संघपालच्या पुढं एक हिरवी नाव थांबलेली. तिच्या मालकाचं नाव कुठल्याशा परक्या लिपीत. नावाड्याच्या डोक्यावर झोपेचं चिन्ह. म्हणजे मालकानं फोन बाजूला ठेवलेला. मागून झुळूक विकत घेतलेल्या नावा तिला ओलांडून सटासट निघून जात होत्या.

संघपालनं झुळूक उघडली. पडद्यावर विचारणा आली: आपल्या नावेला की पुढच्या नावेला?

संघपालचं बोट गेलं पुढच्या नावेवर.

हिरवी नाव हलली, डुलत-डुलत खिंडीतून आत गेली. संघपाल समाधानानं बघत राहिला. मग आपली नाव पुढं घ्यायला त्यानं बोट उचललं, तेव्हा कळलं की झुळूक एकच होती.

“अरारारा!” धम्मपाल कपाळावर हात मारून म्हणाला. “आरं भावड्या, काय केलंस?”

“झोपला व्हता की त्यो,” संघपाल म्हणाला.

अप्पा मात्र उजळले. “आता एकोणतीस भरा. मीच भरतो, बायकोला दिलेल्या शब्दासाठी.”

तेवढ्यात फोन वाजला. पुढची गाडी हलली होती, संघपालचे हात स्टिअरिंगवर, म्हणून त्यानं फोनचा आवाज मोठा ठेवला. आमची काय तक्रार असणार?

“मी आत आले वो. तुमी कुठं हाव?” संघप्रिया.

“खिंडीत. झुळूक संपली माझी.”

“संपली? कशी?”

“पुढच्याला दिली.”

पलीकडून ती हसली. “माझी तर दुसऱ्याच दिशी संपली व्हती. पल्याडच्या बेटावरनं तांबडी शेळी आणली तवा. आज एकोणतीस भरले अन् आले. रागावू नका. माझ्या मानधनातले हायत.”

यार्डात असा हशा उठला की लिंबावरचे कावळे उडाले. “घरातच फितुरी!” अप्पा ओरडले. संघपालही हसला, पण कानापर्यंत लाल झाला.

“तुमी बी भरा की,” ती म्हणाली. “अजून पंधरा मिनिटं हायत.”

संघपालनं गाडी पुढं घेऊन उभी केली. बराच वेळ तो त्या झुळुकीच्या बटणाकडं बघत होता. दोनदा बोट जवळ नेलं.

“न्हाय,” तो शेवटी म्हणाला. “आता भरले तर चाळीस दिस म्या काय केलं? तू बघ. अन् मला सांग, काय हाय तिथं.”

तीन वाजले. खिंड मिटली. फोनवर ती काहीतरी बघत होती. श्वास तेवढा ऐकू येत होता.

“काय न्हाय वो,” ती म्हणाली. “दुकान हाय निस्तं. आत पाय टाकला की दुकान. तीन कंदील घ्या, एक फुकट.”

पुन्हा हशा. संघपाल तर सीटवर आडवा झाला. “बघा अप्पा! तुमच्या पैशाचं बेट!” असं म्हणून त्यानं दिवसभर प्रत्येक नव्या गाडीवाल्याला ते दुकान सांगितलं.

पंधरा दिवसांनी मी नातीच्या साखरपुड्यासाठी तेरखेड्याला फटाके आणायला गेलो होतो. वाटेत अंगणवाडीत डोकावलो. लेकरं खिचडी खाऊन झोपली होती. म्हटलं, “संघप्रिया, दाव बरं ते दुकान.”

तिनं आढेवेढे घेतले, मग फोन पुढं केला.

दुकान नव्हतंच. पाण्यावर शेकडो कंदील तरंगत होते. बोट लावलं की एकेक पेटायचा आणि त्याच्या उजेडातून पांढरे बगळे उठून पलीकडच्या काळोखात विरून जायचे. नावा वाऱ्याशिवाय, आपापल्या हळूहळू फिरत होत्या. एवढ्या वयात मीही दोन-चार कंदील पेटवले.

“मग असं का सांगितलंस गं त्याला?”

“आत न्हाय येता आलं त्यांना. वर हे बी सांगू?” झोपलेल्या लेकराच्या अंगावरची माशी तिनं हाकलली. “गाळप संपलं की घरी येतील. मांडीवर फोन ठिऊन दावीन. तवर तुमी तोंड उघडू नका, नाना. तुमच्या पाया पडते.”

माझ्या पोटात बातमी राहत नाही, हे तिला पक्कं ठाऊक. तरी राहिली, गाळप संपेपर्यंत. अप्पांनासुद्धा सांगितली नाही. त्यात मला चार किलो वजन घटल्यासारखं वाटलं.

तिनं बेटावरचं आपलं घर खिंडीच्या अगदी तोंडाशी हलवलं होतं आणि दारात एक कंदील टांगला होता. संघपालची नाव अजून खिंडीबाहेरच उभी. तिथून आतलं काही दिसत नाही, तेवढा एक ठिपका दिसतो, पिवळा, हलणारा.

गाळप संपायला आठवडा असताना एका दुपारी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो फोन हातात धरून त्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत होता.

“नाना,” तो म्हणाला, “दुकान आज बी उघडं हाय बघा.”

आणि पापणी न हलवता बघतच राहिला.