द्राक्षं, नग पाच

गेल्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी साडेअकरा वाजता नाशिकमधल्या एका मॉलने माझ्या बायकोच्या मामांना द्राक्षचोरीच्या संशयावरून मागच्या खोलीत बसवून ठेवलं. पावणेएकला त्यांना जायला सांगण्यात आलं. ते सव्वादोनला निघाले. मधला दीड तास मॉल मामांच्या ताब्यात होता.

पंचनाम्याशिवाय जगात काही घडतं, हे मामांना मान्यच नाही. तीस वर्षं ते पोलीस ठाण्यात रायटर, म्हणजे लिखापढी करणारे हवालदार होते. निवृत्तीनंतर ठाणं सुटलं, लिहिणं सुटलं नाही. माझ्या लग्नात मेव्हण्यांनी माझे बूट पळवले, तेव्हा मामांनी तिघींचे जबाब घेतले, बूट शोधून काढले आणि माझ्याकडून पोच घेऊन मगच पायात घालू दिले. मांजराने दूध सांडलं त्या दिवशी ओट्यापासून पातेल्याचं अंतर टेपने मोजून कागदावर उतरवलं. ‘दीड लिटर’ खोडून ‘एक’ केलं आणि शेजारी बारीक सही केली. “खाडाखोड केली की सही पाहिजे. नाहीतर कोर्टात टिकत नाही.” मामी म्हणाल्या, “मांजर कोर्टात जाणारे का?”

दुसरी सवय द्राक्षांची. पंचवटीच्या बाजारात चव घेतल्याशिवाय द्राक्षं कुणीच घेत नाही, पण मामा चव घेतात ती तपासासारखी. “हवालदारसाहेब, या खोक्यातला बघा, लय गोड हाय,” असं म्हणत विक्रेता मणी पुढे करतो. मामा डोळे मिटतात, “आंबट” एवढाच निकाल देतात आणि पुढच्या गाडीकडे वळतात. त्या शनिवारी सुनेने साबण आणायला मॉलमध्ये पाठवलं होतं. तिथे द्राक्षं प्लास्टिकच्या डब्यांत बंद. मामांनी पाच डबे उघडले, प्रत्येकातला एक मणी खाल्ला, पाचही नापास केले आणि झाकणं नीट लावून ठेवली.

पुढचं, मागच्या खोलीतलं, मला नंतर मॉलच्या सुरक्षारक्षकाने सांगितलं. मॅनेजर म्हणाला, “काका, कॅमेऱ्यात दिसलंय. तीन द्राक्षं खाल्लीत.”

“पाच. तपास नीट करा.”

मॅनेजरने हात जोडले आणि घरी जायला सांगितलं. मामा उठले नाहीत, कारण खोलीत एक बाईही बसवलेली होती. अंबडच्या कारखान्यात कंत्राटी पॅकिंगचं काम करणारी. तिच्या पर्समध्ये बिल न केलेली लिपस्टिक सापडली होती. मॅनेजरने तिचा फोटो काढला होता, कंपनीचं ओळखपत्र काढून घेतलं होतं आणि कबुलीजबाबावर सही केली नाही तर कंपनीत फोन करतो म्हणत होता. फोन गेला असता तर सोमवारी तिला गेटवरूनच परत पाठवलं असतं.

मामांनी मला फोन केला. “ये. पंच कमी पडतोय.” मी एक वाजता पोचलो. पहिला पंच सुरक्षारक्षक होता.

“बाई, घेतली होती?” मामांनी विचारलं.

“घेतली व्हती. लावून बघायची व्हती.”

“मग पर्समध्ये कशी?”

“तिथं आरसा नव्हता.”

मामांनी ते शब्दशः लिहिलं. मग मॅनेजरला विचारलं, “हिला अटक केलीय?”

“नाही हो काका, नुसतं बसवलंय.”

“जाऊ देताय?”

“सही केल्यावर.”

“म्हणजे डांबलंय. लिहितो.” मामांनी चष्मा सारखा केला. “माल पाच हजारांच्या आतला, तोही परत मिळालेला. वॉरंटशिवाय पोलीससुद्धा अटक करू शकत नाहीत, तुम्ही कोण? पहिल्यांदाच गुन्हा शाबीत झाला आणि माल परत दिलेला असला, तर कोर्ट समाजसेवा देतं. झाडू मारेल बिचारी. डांबून ठेवल्याबद्दल तुम्हाला वर्षापर्यंत कैद. लावू ठाण्यात फोन?”

मॅनेजरने ओळखपत्र टेबलावर ठेवलं. फोटोवर मात्र तो अडला. पकडलेल्यांचे फोटो बिलिंग काउंटरमागे लावायची पद्धत होती आणि आजच्या रजिस्टरात एक नोंद होऊन गेली होती, तिचा फोटो कुठे म्हणून वरिष्ठ विचारतील.

“माझा लावा,” मामा म्हणाले. “माझी संमती आहे. लिहून देतो.”

“मामा, अहो, सगळं नाशिक येतं इथे,” मी म्हणालो.

“पंचांनी मध्ये बोलू नये.”

मॅनेजरने सर्वांसमक्ष बाईचा फोटो पुसला. मामांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि भिंतीला टेकून ताठ उभे राहिले. बाई दारापर्यंत गेली, परत आली, मामांच्या पाया पडली. “घरी आरसा आहे ना?” मामांनी विचारलं. ती हसली आणि गेली.

सोमवारी ती पहिल्या पाळीला हजर झाली. सुटी झाल्यावर तिने मामांना फोन करून तसं कळवलं. मामांनी वेळ टिपून ठेवली. मामी महिन्यातून एकदा मॉलमध्ये फोटो बघायला जातात. निवृत्तीच्या दिवशीच्या फोटोपेक्षा हा बरा आलाय, असं त्यांचं म्हणणं आहे.

परवा मीही गेलो होतो. फोटो काउंटरमागे अजून आहे. त्याखाली ‘द्राक्षं, नग तीन’ असं छापलेलं आहे. ‘तीन’ निळ्या पेनाने खोडून ‘पाच’ केलंय. शेजारी बारीक सही आहे.