चुनखडीचे पाच खडे
भिंतीला चुना देताना ओला वास आला की मला येरमाळ्याची चैत्री जत्रा आठवते आणि अजून डोकं तापतं. तिथं प्रत्येकानं चुनखडीचे पाच खडे वेचून देवीच्या नावानं ढिगावर टाकायचे. भर उन्हात माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं आपले खडे झग्याला पुसून मुठीत धरले होते. तिच्या धाकट्या भावानं वेचलेच नव्हते. सासूबाईंनी तिची मूठ सोडवून खडे त्याला दिले. "पोरीचं काय, ती परक्या घरची." लेक नुसती रिकाम्या हाताकडं बघत राहिली. मी माझे पाचही खडे तिच्या हातात कोंबले. "अगं, मग तुझं काय?" सासूबाईंनी मला विचारलं. "मीबी परक्या घरचीच की, आत्याबाई!" त्या वर्षी मी ढिगावर काहीच टाकलं नाही. देवी रागावली असेल, असं मला आजही वाटत नाही.