एकोणसाठ ते पासष्ट

ती घटना आठवली की आजही आधी हसू येतं, मग घाम. बिबवेवाडीतले एक आजोबा सकाळी घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. विसराळूपणाचा आजार, त्यात फिट यायच्या. संध्याकाळची गोळी चुकून चालणार नव्हती. मिसिंगची नोंद झाली. त्यांची मुलगी गोळ्यांची पट्टी मुठीत घेऊन आमच्या पोलीस ठाण्याच्या बाकावर बसली.

दुपारी शेजारच्या काकू खबर घेऊन आल्या. आजोबांना रिक्षात बसताना त्यांनी पाहिलं होतं. नंबर नाही, पण चालक नीट पाहिला होता.

"वय?"

"एकोणसाठ ते पासष्ट."

"साधारण साठ लिहू?"

"साधारण कशाला? सांगतेय तेवढं लिहा."

परिसरात धंदा करणाऱ्या रिक्षाचालकांची माहिती आमच्या संगणकात होती. इंग्रजी शाळेत शिकलेल्या आमच्या महिला शिपायाने वयाची मर्यादा टाकली. उत्तर आलं, शून्य. पुन्हा टाकली, पुन्हा शून्य. मी चक्रावलो. बिबवेवाडीत साठीचा एकही रिक्षावाला नाही? मग मी रोज भांडतो कोणाशी?

संशय काकूंवर गेला. मी आवाज चढवला.

"काकू, नक्की रिक्षाच होती?"

"नाही हो, विमान होतं. लोहगावला विचारा."

थाप मारणारा माणूस दरडावलं की आकडा सैल करतो. काकू तसूभर हलेनात. मग मी शिपायाकडे वळलो.

"काय टाकलंस, वाच बघू."

"सिक्स्टी नाईन ते सिक्स्टी फाइव्ह, सर."

"एकोणसाठ म्हणजे?"

"साठ आणि नऊ... ना, सर?"

काकूंनी कपाळाला हात लावला. "अगं, एकोण म्हणजे एक उणा! फिफ्टी नाईन!"

एकोणसत्तरच्या वरचा आणि पासष्टच्या आतला माणूस संगणकाने आणावा तरी कुठून?

मर्यादा सुधारली, मोजकी नावं आली. फोन लावत गेलो. वारज्यातून एकजण ओरडला, "साहेब, घेऊन जा हो यांना! पत्ता विचारला की दर वेळी नवाच सांगतात. शेवटी घरी आणून जेवायला घातलं."

"मग पोलिसांकडे का नाही आलात?"

"मलाच बसवून ठेवलं असतंत."

मी काकूंकडे पाहिलं आणि त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

गोळी वेळेवर मिळाली. मला मात्र एक गोष्ट कायमची कळली. प्रश्न वेडगळ असला तरी संगणक तसं म्हणत नाही, नम्रपणे सांगतो, असा कोणी नाही. तेव्हापासून शून्य आलं की मी साक्षीदाराला खुर्ची देतो आणि प्रश्नाला उभं करतो.