इनासच्या गॅरेजमधली माणसं

“सुमन, इनास गेला...” फिलोमेनाचा फोन आला तेव्हा मी शिफ्टवर होते. ती थोडा वेळ रडली आणि मग एकदम म्हणाली, “आणि गॅरेज तसंच ठेवून गेला बघ!” नवरा गेल्यावर कुठली बायको गॅरेजबद्दल बोलेल? पण इकडे परदेशात, पॅरामॅटातल्या आम्हा मित्रमंडळींना तिचं दुःख बरोबर कळलं. त्या गॅरेजात माणसं होती... म्हणजे त्यांची हाडं.

इनास वसईचा, शिकलेला पुरातत्त्व. तरुणपणी इंग्लंडमधल्या एका मध्ययुगीन चर्चचं आवार त्याने दोन उन्हाळे खणलं होतं, आणि त्या दोन उन्हाळ्यांनी आमचे किती रविवार खाल्ले याला हिशेब नाही. पुढे तो इथल्या युनिव्हर्सिटीत शिकवू लागला. सत्तरच्या दशकात इथल्या एका जुन्या चर्चच्या आवारात हॉल बांधायचा ठरला आणि पाया खणताना हाडांचा ढीग निघाला. कवट्या एकीकडे, हातपाय दुसरीकडे. कुणी म्हणालं कबरी फोडल्या, कुणी म्हणालं साथीत घाईने पुरलं. इनास खड्ड्यात डोकावला आणि हसला. मला म्हणाला, “अगं, आमच्या वसईला हेच करतात. काही वर्षांनी कबर उघडायची, जुन्याची हाडं सामाईक खड्ड्यात ठेवायची आणि नव्याला जागा द्यायची. इंग्लंडमध्येसुद्धा शेकडो वर्षं हेच चालायचं. यांना कुणी छळलेलं नाही.”

चर्चच्या फादरनी विश्वासाने सगळी हाडं त्याच्या हवाली केली. अट एकच, अभ्यास झाला की त्यांना परत मातीत ठेवायचं. “नो वरीज, फादर. ख्रिसमसच्या आधी,” इनासने शब्द दिला. कुठल्या ख्रिसमसच्या, ते सांगायला बहुधा विसरला.

कारण या गृहस्थाला एकेक माणूस वेगळा जुळवायचा होता! मी हाडांची डॉक्टर, म्हणजे आयतीच सापडले. आठवडाभर फ्रॅक्चर बघून दमलेल्या बाईला रविवारी बार्बेक्यूला बोलवायचं आणि प्लेटमध्ये सॉसेज पडायच्या आत हातात फासळी द्यायची. “ही याची की त्याची?” मी जीव सोडवायला म्हणायची, “याची.” “नक्की?” आता नक्की कसं सांगणार? की पुन्हा हाडांचे सगळे डबे टेबलावर. असं वर्षानुवर्षं. ते फादर बदलून गेले, नवे आले, तेही विचारून थकले. लेक वैतागून म्हणायची, “डॅड, जस्ट बरी देम!” पण हा आपला भिंग लावून बसलेला.

एकदा मी भडकलेच. “तुमच्या गावाला सगळे एका खड्ड्यात सुखाने राहतात, आणि इथे तुला एकेक फासळी मालकाला परत करायची आहे?”

तो शांतपणे म्हणाला, “तिथे दर नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्यांचं कोणीतरी मेणबत्ती लावायला येतं, सुमन. यांचं कोण येतं?”

असल्या माणसाशी धड भांडताही येत नाही.

शेवटी हॉस्पिटलात भेटले तेव्हाही म्हणाला, “फादरना सांग, थोडंच राहिलंय.” खोटारडा! अर्ध्याहून जास्त राहिलं होतं.

तो गेल्यावर काही आठवड्यांतच फिलोमेनाने चर्चकडून आवारात जागा मागून घेतली आणि त्याचा शब्द आपण पाळला. एकेक डबा रिकामा होत गेला. त्याने दहा वर्षं वेगळे ठेवलेले हात, पाय, कवट्या, सगळं पुन्हा एकत्र. फादर प्रार्थना म्हणत होते आणि मी सारखी मागे वळून बघत होते, आता हा ओरडत येईल, थांबवेल आम्हाला... कोणी आलं नाही. मला त्याचा भयंकर राग आला आणि तिथेच रडू कोसळलं.

परवा आम्ही दोघी गॅरेज झाडायला घेतलं. टेबलामागे बोटाचं एक हाड सापडलं. “चल, आत्ताच माती उकरून ठेवून येऊ,” फिलोमेना गाडीची किल्ली घेऊन आली. मी हो म्हटलं, आणि जाता जाता नुसतं बघावं म्हणून त्याच्या स्टुलावर बसून दिवा लावला. मधल्या बोटाचं वाटत होतं. पण डाव्या हाताचं की उजव्या... भिंग घेतलं, फिरवून पाहिलं. नक्की सांगता येईना.

फिलोमेनाने दारातच कपाळावर हात मारला. “देवा रे! आता तूसुद्धा?”

ते हाड अजून टेबलावरच आहे.