मृदुलाने पुसलेली रेघ

मला समुद्राची फार भीती. बडोद्यात फतेगंजातल्या एका प्रयोगशाळेत माझ्या मुलीला, मृदुलाला, नोकरी लागली तेव्हा मी आधी विचारलं, समुद्रावर जावं लागेल का? ती हसली. उपग्रहाने पाठवलेल्या आकड्यांवरून पाणी कुठे गार, कुठे कोमट ते संगणकावर काढायचं. ही दोन पाणी जिथे भेटतात तिथे मासे जमतात. ती जागा नकाशावर दाखवायची आणि नकाशा वेरावळ बंदरावर फॅक्स करायचा. बडोद्यात खुर्चीवर बसून होणारं काम. मी निश्चिंत झाले. ही सत्त्याण्णव सालची गोष्ट.

वेरावळला ती एकदाच गेली, नकाशांचा उपयोग होतो का ते विचारायला. तिथे देवशीभाई भेटले, एका मच्छीमार बोटीचे तांडेल, म्हणजे बोटीवरचे मुख्य. ते म्हणाले, "बडोद्याच्या बेनला आकाशातून मासे दिसतात. आम्हाला हातातला कागदही दिसत नाही." फॅक्स नुसता काळा येत होता.

परत आल्यावर मृदुलाने नकाशा सोपा केला. रंग काढले, नावं काढली, जास्तीच्या रेघा पुसल्या. उरला किनारा, अक्षांश-रेखांश आणि माशांच्या जागेची एक ठळक रेघ. पुसलेल्यांत समुद्रातली सरहद्दही गेली. ती पाण्याची नव्हती, उपग्रहाला दिसत नव्हती. ऑफिसात कुणाच्याच लक्षात आलं नाही. फॅक्स मात्र स्वच्छ जाऊ लागला. देवशीभाईंनी खूश होऊन सुके बोंबील पाठवले. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत शेजारणीने दोन दिवस खिडक्या बंद ठेवल्या. मृदुला किती हसली होती तेव्हा.

त्याच हिवाळ्यात ती ठळक रेघ वर सरकत कच्छच्या समोर गेली. देवशीभाई तिच्यामागे गेले. पलीकडच्या गस्ती बोटीने त्यांना धरलं आणि सगळ्यांना कराचीच्या तुरुंगात नेलं.

मृदुलाने सरहद्द पुन्हा नकाशावर घातली, चांगली जाड. यांनी तिला खूप समजावलं, जन्म समुद्रावर गेलेल्या माणसाला सरहद्द कळायला नकाशा लागत नाही. ती ऐकून घ्यायची. स्थळं आली की म्हणायची, "देवशीभाई येऊ देत, मग बघू."

सुटलेले मच्छीमार पंजाबची सरहद्द ओलांडून गाडीने बडोद्याला उतरतात आणि इथून बसने आपापल्या गावी जातात. तशी बातमी पेपरात आली की मृदुला थेपल्यांचा डबा घेऊन स्टेशनवर. तिला एकटीला सोडवत नाही म्हणून मीही जाते.

काल उतरलेल्यांत त्याच बोटीवरचा कानजी होता. त्याने सांगितलं, तांडेल उन्हाळ्यात तिकडेच वारले. ताप उतरलाच नाही.

मृदुला म्हणाली, "तो नकाशा माझा होता. त्यातली सरहद्द मीच पुसली होती."

कानजी समजुतीच्या सुरात म्हणाला, "बेन, तांडेल तिथे सगळ्यांना सांगायचे, बडोद्याच्या बेनचा नकाशा खरा. त्या दिवशी जाळं ओढवत नव्हतं, एवढा मासा होता."

त्याला वाटलं, तिला बरं वाटेल. डबा घेऊन तो बसकडे गेला. रिक्षात मृदुलाने माझा हात धरला होता, लहानपणी ताप आला की धरायची तसा.

आज ती वेळेवर कामावर गेली. वेरावळला नकाशा जायचा होता.