अर्धी टाकी आणि ज्ञानोबा ड्रायव्हर

शहाऐंशी साली तलवाड्यात दूध उरलं नव्हतं. जनावरं छावणीला गेली होती आणि सहकारी दूध संघाचा टँकर दूध सोडून पाणी वाहत होता. टँकर तोच, ड्रायव्हरही तोच. पहिल्या दिवशी पाण्याला दुधाचा आंबूस वास आला तेव्हा बायकांनी नाकं मुरडली. ज्ञानोबा टपावर उभे होते, तिथूनच म्हणाले, "वास येतोय तवर चहा करून घ्या. वरून दूध टाकायचं काम न्हाई."

ज्ञानोबा मूळचे शिरूर कासारचे. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळं त्यांचा जन्म कोपीतला, म्हणजे पाचटाच्या झोपडीतला. "एका कारखान्यावर जलमलो, दुसऱ्यावर रांगलो, तिसऱ्यावर बैलं हाकायला लागलो," असं ते सांगायचे. बैलगाडीवरून ट्रकचे क्लीनर झाले, क्लीनरचे ड्रायव्हर. शाळेचं तोंड पाहिलं ते पाणी द्यायला गेल्यावर. पन्नाशी गाठली तरी गाडीतून उतरताना आधी खाली बघायचे, मग पाय टेकवायचे, जसं काही जमीन जागेवर आहे की नाही याची खात्री करून घेतायत.

बौद्धवस्ती गावाच्या शेवटाला, म्हणून टँकरही तिथं शेवटी यायचा. त्याआधी यायचा त्या सरकारी टँकरचा ड्रायव्हर तोटीची धार बारीक झाली की "संपलं" म्हणून निघून जायचा. ज्ञानोबांनी पहिल्याच आठवड्यात डाव्या चाकाखाली दोन धोंडे सरकवले, टँकर तोटीच्या बाजूला कलता केला आणि विडी पेटवून बसले. चार घागरी निघाल्या.

"संपलं म्हनं," ते वस्तीतल्या रतनबाईंना म्हणाले. "संपत न्हाई वैनी. पानी कोपरा धरून बसतं."

रतनबाईंनी त्यांना चहा दिला. त्यांनी उंबऱ्यात बसून घरातल्याच कपात तो घेतला आणि साखर कमी आहे म्हणून तक्रारही केली. रतनबाईंची मुलगी सत्यभामा तेव्हा औरंगाबादला कॉलेजात होती. आईच्या पत्रात आता दर वेळी ज्ञानोबा यायला लागले.

दिवाळीत सत्यभामा घरी आली ती पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यासह. खोक्यात विमान होतं. दोन हात लांब पंखांचं, हलक्या लाकडाचं, पिवळ्या रंगाचं, आणि नाकावर मुठीएवढं खरंखुरं इंजिन. कॉलेजच्या एनसीसीत ती हवाई तुकडीत होती. हे विमान मोकळं उडत नाही. दोन बारीक पोलादी तारांनी ते उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला बांधलेलं असतं आणि त्याच्याभोवती रिंगण धरून फिरतं. मूठ वर-खाली कलवली की विमान वर-खाली होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी दिल्लीच्या कॅम्पची निवड होती. जागा एकच. पन्नास फेऱ्या सलग काढायच्या, मधे इंजिन बंद पडलं की बाद. सत्यभामाचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. या वेळी हुकलं तर विमान दुसऱ्याच्या हातात जाणार आणि तिचा तारांशी संबंध संपणार.

आणि इंजिन तर चालत नव्हतं. म्हणजे चालत होतं, पण त्याच्या मनानं. पाझर तलाव पार कोरडा पडला होता, त्याचा तळ परातीसारखा सपाट. तिथं ती रोज सकाळी जायची. शेजारची छबुबाई विमान धरून ठेवायची आणि सत्यभामाचा हात वर झाला की सोडायची. जमिनीवर इंजिन असं सुरेख गायचं की ऐकत राहावं. हवेत गेलं की कधी पंधरा फेऱ्या, कधी तीन, एकदा तर नऊ फेऱ्या नीट आणि दहाव्याला खोकत खोकत खाली.

"भामे, याला ठसका लागलाय," छबुबाई म्हणायची. "खडीसाखर दे."

सत्यभामानं सगळं केलं. इंधन म्हणजे स्पिरिट आणि एरंडेल. एरंडेल घाण्याचं होतं, त्याचा गाळ असेल म्हणून तिनं ते तीनदा गाळलं. इंजिनाला किती इंधन जायचं ते एका बारीक सुईच्या आट्यांवर असतं, ते आटे पाव पाव फिरवून पाहिले. प्लग बदलला. नळी बदलली. एक गोष्ट मात्र ती न चुकता करत होती. स्पिरिट औरंगाबादहून आणलेलं, दोनच बाटल्या. पाण्याच्या टंचाईत वाढलेली पोर, टाकी भरून ओतायला हात कसा धजावा? रोज अंदाजानं अर्धी टाकी, कधी पाऊण, कधी त्याहून कमी.

त्या दिवशी विमान पाचव्या फेरीला गचकलं, तेव्हा तलावाच्या कडेनं टँकर चालला होता. तो थांबला. ज्ञानोबा उतरले, आणि दुसऱ्या दारातून दूध संघाचे सेक्रेटरी माणिकराव. माणिकरावांना टँकरमागं फिरायची हौस नव्हती, पण पाणी कुठं मुरतं ते बघायला वरून हुकूम होता.

"कावून पडलं?" ज्ञानोबांनी विचारलं.

"तेच तर कळंना, मामा. आठ दिवस झाले."

"खाली ठेवलं तर चालतंय?"

"लई मस्त."

"आन् फिरायला लागलं की बिघडतंय." ज्ञानोबा विमानाशी उकिडवे बसले. "टाकी कुठली ही?"

"जुनी चेपली. ही आपल्या विठ्ठलरावांनी करून दिली, पत्र्याची."

"स्टोवाल्या विठ्ठलनं? बरं. आत नळी कुठवर हाय?"

"मधोमध, तळाला टेकलेली. मीच सांगितलं तसं. तळातलं तेल शेवटपर्यंत ओढलं जावं म्हणून."

ज्ञानोबा टाकीकडं बघत राहिले, मग रिंगणाच्या मातीत उमटलेल्या तिच्या पावलांकडं, मग आपल्या टँकरकडं.

"सत्यभामे, ते एरंडेल राहू दे. चल, गाडीत बस."

"कुठं?"

"कुठं न्हाई. इथंच."

त्यांनी शिटाखालून सरबताची रिकामी बाटली काढली, तोटीचं पाणी अर्ध्याहून कमी भरून बूच लावलं आणि तिच्या हातात दिली. "आडवी धर. बूच माणिकरावांकडं."

माणिकराव खिडकीकडं सरकले. "ज्ञानोबा, काय चाललंय? डिझेल संघाचं हाय."

"पोरगी बी संघाचीच हाय. तिच्या आईनं धा वर्सं दूध घातलं."

टँकर तलावाच्या तळात उतरला. ज्ञानोबांनी वेग घेतला आणि स्टिअरिंग उजवीकडं धरून ठेवलं. गाडी गोल फिरायला लागली. धूळ उठली. माणिकराव दाराला चिकटले, सत्यभामा माणिकरावांना, आणि मागं टाकीतलं उरलेलं पाणी धाडकन एका अंगाला गेलं ते तिघांनाही पाठीत जाणवलं.

"ओ ज्ञानोबा, माझी टोपी गेली," माणिकराव म्हणाले.

"टोपी राहू द्या. भामे, बाटली बघ."

तिनं पाहिलं. आडव्या बाटलीतलं पाणी तळाशी पसरून बसलेलं नव्हतं. ते सगळं बुचाकडं, बाहेरच्या बाजूला, भिंतीसारखं उभं राहिलं होतं. बाटलीचा मधला भाग कोरडा होता.

गाडी थांबली. मग ज्ञानोबांनी हळू आवाजात सांगितलं, "मांजरसुंब्याच्या घाटात अर्ध्या टाकीनं मला एकदा आडवं केलं असतं. दूध होतं तवा. भरली टाकी सरळ चालती, रिकामी बी सरळ चालती. अर्धी टाकी वळनाला तिच्या मनानं जाती. तवापासून आपन वळनाला पुढचा रस्ता बघत न्हाई, माल कुनीकडं गेला ते बघतो. तुजं इमान तर सारखं वळनातच हाय. त्याला तळ कुठंय?"

"बाहेरची बाजू," सत्यभामा म्हणाली. "मामा, त्याचा तळ म्हणजे बाहेरची बाजू."

"आन् नाक पुढं धावतंय म्हनल्यावर, मागचा कोपरा."

तिच्या डोळ्यांपुढून आठ दिवस सरसर गेले. ज्या दिवशी जास्त इंधन ओतलं त्या दिवशी पंधरा फेऱ्या, हात आखडला त्या दिवशी तीन. इंजिनाचं डोकं फिरलेलं नव्हतं. तेल बाहेरच्या भिंतीला जाऊन बसत होतं आणि नळी मधोमध हवा चोखत होती. सुई कितीही फिरवली तरी काय होणार होतं?

विठ्ठलरावांनी टाकी उघडताना कुरकुर केली. "मधीच ठेवा म्हनून तूच सांगितलं ना? स्टोची नळी बी मधीच असती."

"व्हय काका, चूक माझीच. पण हा स्टो पळतो."

नळी वाकवून बाहेरच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात डाग लावून पक्की केली. दुसऱ्या दिवशी सत्यभामानं टाकी काठोकाठ भरली. विमान सुटलं. छबुबाई मोठ्यानं मोजत होती, चाळिसाच्या पुढं तिचं चुकलं आणि तिनं पुन्हा पस्तीसपासून सुरुवात केली. इंजिनानं सूर सोडला नाही.

निवडीच्या दिवशी औरंगाबादच्या मैदानावर सत्यभामाआधी चौघं होते. एकाचं विमान एकतिसाव्या फेरीला बसलं, बाकीच्यांचं त्याआधीच. तिची पाळी आली. तिसाव्या फेरीला तिचं मनगट घामानं चिंब झालं होतं, पण कान ऐकत होते आणि कानांना काही वावगं सापडत नव्हतं. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. अठ्ठावन्नाव्या फेरीला तेल संपलं, आवाज एकदम तुटला, आणि विमान तरंगत येऊन गवतात टेकलं.

निवड करणाऱ्या साहेबांनी टाकी उलटीपालटी करून पाहिली. "हे डाग लावायचं काम कुणाचं?"

"आमच्या गावच्या स्टोवाल्याचं, सर."

"आणि नळी कुठं ठेवायची, हे कुणी सांगितलं?"

"दूध संघाच्या ड्रायव्हरनं."

साहेब हसले नाहीत. त्यांनी नाव विचारलं आणि वहीत टिपलं. संध्याकाळी यादी लागली, त्यात तिचं नाव होतं.

दोन दिवसांनी ती तलवाड्याला आली ती थेट विहिरीवर, जिथं टँकर भरायचे. ज्ञानोबा गाडीत बसलेले होते, इंजिन चालू होतं, मागं पाण्याचा पाइप धडधडत होता.

"मामा, निवड झाली," ती खालून ओरडून म्हणाली. "दिल्लीला चालले."

त्यांनी कानाला हात लावला. "आँ?"

"निवड झाली. अठ्ठावन्न फेऱ्या. साहेबांनी तुमचं नाव लिहून घेतलं."

"ऐकू येईना."

शेजारी बसलेल्या माणिकरावांनी वैतागून त्यांच्याकडं पाहिलं. "अहो, पोरगी दिल्लीला चाललीय म्हनती. तुमचं नाव साहेबाच्या वहीत हाय म्हनती. मला इकडून आलं ऐकू."

"तुमाला सांगितलं व्हय तिनं?" ज्ञानोबा म्हणाले. त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं, दार उघडलं, खाली बघून पाय टेकवले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"हां. आता सांग. पहिल्यापासून."