बाळाच्या वाकळीचं लुगडं

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, कारण तीत चोर मीच आहे.

कंधारच्या बसस्टँडजवळ एक बाई लेकरांच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवायची. सुई दातांत धरूनच बोलायची. नातू झाला म्हणून मी नवंकोरं कापड नेलं, तर तिनं ते स्वतःच्या गालाला घासलं आणि माझ्या अंगावर टाकलं.

"काका, हे लेकराला टोचतंय. घरातलं लई धुतलेलं लुगडं आणा."

सगळ्यात मऊ होतं ते बायकोचं आवडतं लुगडं. ती देवळात गेल्यावर मी तेच नेऊन दिलं.

वाकळीत आपल्या लुगड्याचे काठ दिसताच बायको कडाडली. मी घाबरून म्हणालो, "त्या बाईनंच दोरीवरून उचललं असंल."

बायको मला घेऊन थेट तिच्यापुढं उभी राहिली. बाईनं माझ्याकडं पाहिलं, दातांतली सुई काढली.

"हाव ताई, म्याच उचललं. काका लई गरीब हायत, त्यांच्यानं व्हतंय व्हय असलं?"

त्यानंतर गल्लीत कुणी तिला कापड देईना. मी माफी मागायला गेलो की ती डोळे मिचकावून विचारायची, "काका, आज कुणाचं लुगडं आणलं?" मला हसू यायचं आणि मी तसाच परत फिरायचो. "बाई, माझ्यामुळं तुमच्यावर आळ आला," एवढं म्हणायचं राहूनच गेलं.